आजीच्या रुपयाला ७० पैकी किती?

घरातलं जुनं नाणं हातात आलं की आपण विचारतो, ‘किती जुनं आहे?’ नाणी जमवणारा माणूस आधी विचारतो, ‘कसं आहे?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायची एक रीतसर पद्धत आहे. तिच्यात मार्क आहेत, शेरे आहेत, अगदी रीव्हॅल्युएशनसुद्धा आहे. आणि तिथे ‘गुड’ असा शेरा मिळणं ही अजिबात गुड न्यूज नाही!

७० पैकी ४ मार्क पडले तर कॉलेजात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. नाण्यांच्या दुनियेत मात्र ७० पैकी ४ मिळवणाऱ्या नाण्याला चक्क ‘गुड’ म्हणतात. ८ मिळाले तर ‘व्हेरी गुड’. १२ ला ‘फाइन’. म्हणजे एखाद्या विक्रेत्याने ‘गुड कंडिशन, भाऊ’ म्हणत राणी छाप रुपया तुमच्या हातात ठेवला, तर ग्रेडिंगच्या भाषेत तो सांगतोय की नाणं पार झिजलंय, राणीची बाह्यरेषा तेवढी उरलीये. तो खोटं बोलत नाहीये. आपल्यालाच भाषा कळलेली नाही.

ही भाषा शिकायला फार वेळ लागत नाही. न शिकल्याचा फटका मात्र मोठा असतो. कुणी पॉकेटमनीतून सामान्य नाण्याला दुर्मिळ नाण्याची किंमत मोजतं. कुणी घरातला चांगला रुपया हौसेने घासून त्याची किंमत दहा मिनिटांत घालवतं. पहिल्या चुकीतले पैसे पुन्हा कमावता येतात, दुसऱ्या चुकीतलं नाणं परत येत नाही.

आधी वयाचा गैरसमज

‘माझ्याकडे १८६२ चा रुपया आहे’ हे वाक्य ऐकून मित्रमंडळी गार होतात. खरं तर व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया हे ब्रिटिशकालीन नाण्यांपैकी सहज सापडणारं नाणं. कारण मजेशीर आहे. त्या वर्षी ठशावर जे साल कोरलं गेलं, तेच पुढे १८७४ पर्यंत छापलं जात राहिलं. म्हणजे नाण्यावर ‘१८६२’ असलं तरी ते दहा वर्षांनंतर पाडलेलं असू शकतं. एवढी वर्षं एकाच सालाचे रुपये बनत राहिले, तर ते दुर्मिळ कसे होणार?

किंमत ठरते ती तीन गोष्टींवर. असं नाणं आज किती शिल्लक आहे, ते हवंय किती जणांना आणि तुमच्या हातातलं नाणं कोणत्या अवस्थेत आहे. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात साधारण ९१.७ टक्के चांदी. त्यामुळे गुळगुळीत झालेल्या रुपयालाही चांदीचा भाव मिळतोच. पण त्याच सालाचा, त्याच टांकसाळीचा आणि अजिबात न वापरलेला रुपया समोर आला की चांदीचा भाव बाजूला राहतो आणि संग्राहकाचा भाव सुरू होतो. त्या दोन नाण्यांमधल्या फरकाला मार्क देणं म्हणजे ग्रेडिंग.

पारख आपल्या आडनावातच आहे

ग्रेडिंग हा शब्द इंग्रजी असला तरी नाणं पारखणं आपल्याकडे जुनंच. तुमच्या वर्गात एखादा पोतदार असेलच. सरकारी खजिन्यात येणारी नाणी तपासून घेणारा तो पोतदार. पैशांची अदलाबदल करणारा तो सराफ. वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत होते, तेव्हा कोणता रुपया किती कस्सून आहे हे ओळखणं हा पोटापाण्याचा धंदा होता. झिजलेलं किंवा परक्या टांकसाळीचं नाणं बदलून घेताना जी रक्कम कापली जायची तिला बट्टा म्हणत. आज आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, तेव्हा तोच शब्द वापरत असतो. ‘नाणं खणखणीत आहे’ हेसुद्धा नाणं वाजवून बघायच्या सवयीतून आलंय. (संग्रहातलं नाणं मात्र फरशीवर वाजवून बघू नका. कडेला एक ठोकर बसली की मार्क गेले.)

फरक एवढाच की पोतदार बघायचा वजन आणि कस. आजचा संग्राहक बघतो ते नाणं टांकसाळीतून बाहेर पडताना जसं होतं, त्यातलं आज किती उरलंय.

शेल्डनसाहेबांची मार्कशीट

७० मार्कांची ही पट्टी भारतातली नाही, अमेरिकेतली. विल्यम शेल्डन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांना अमेरिकेची सुरुवातीची तांब्याची मोठी सेंट नाणी जमवायचा नाद. १९४९ साली त्यांनी या नाण्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी पट्टी मांडली. ७० च का? तर १ मार्काचं नाणं एका डॉलरचं धरलं, तर सर्वोत्तम नाणं साधारण सत्तर डॉलरला जावं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. बाजार वाढला, भाव बदलले, तो हिशेब केव्हाच कोलमडला. आकडे मात्र राहिले आणि पुढे सगळ्याच प्रकारच्या नाण्यांना लागू झाले.

गोष्टीला एक ट्विस्ट आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट नाणी शेल्डननी काढून घेतली आणि त्या जागी स्वतःकडची कमी दर्जाची ठेवली, हे नंतर उघडकीस आलं. दोन नाणी एकाच प्रकारची असली तरी दोन्हींची किंमत एक नसते, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं!

झीज कुठून सुरू होते?

नाणं म्हणजे उठावाचं चित्र. खिशात, गल्ल्यात, हातात फिरताना जो भाग सगळ्यात उंच असतो तो आधी घासला जातो. म्हणून ग्रेडिंग करणारा आधी उंचवटे शोधतो. व्हिक्टोरियाच्या रुपयावर कानाजवळचे केस, गाल, मुकुट आणि पोशाखावरची नक्षी. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर कान, मिशा, मुकुटातले मोती आणि अंगावरच्या झग्यावरचा तो प्रसिद्ध छोटासा हत्ती.

हत्ती प्रसिद्ध का? १९११ च्या रुपयावर तो इतका बारीक आणि आखूड सोंडेचा दिसत होता की लोकांना ते डुक्कर वाटलं. त्यावरून ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि पुढच्या वर्षीच्या ठशात हत्ती हत्तीसारखा दिसेल याची काळजी घेतली गेली. संग्राहक आजही १९११ च्या रुपयाला ‘पिग रुपी’ म्हणतात. भिंगातून हा हत्ती सोंडेसकट स्पष्ट दिसत असेल, तर झीज कमी आहे असं समजा. हत्तीच्या जागी नुसता ठिपका उरला असेल, तर मार्क घसरले.

मार्कशीट वाचायची कशी?

पुअर (१): हे कुठलं नाणं आहे एवढी ओळख पटते. बाकी सगळं पुसलेलं.

गुड (४ ते ६): चेहऱ्याची बाह्यरेषा आणि मोठी अक्षरं दिसतात. आतले बारकावे गेलेले.

व्हेरी गुड (८ ते १०): पुसट का होईना, थोडे तपशील दिसायला लागतात.

फाइन (१२ ते १५): झीज सगळीकडे सारखी, पण मुख्य नक्षी आणि अक्षरं नीट वाचता येतात.

व्हेरी फाइन (२० ते ३५): फक्त उंचवटे झिजलेले. केसांच्या बटा, कपड्यावरची नक्षी बऱ्यापैकी शाबूत.

एक्स्ट्रीमली फाइन (४० ते ४५): झीज हलकीशी, अगदी उंच जागीच.

अबाउट अनसर्क्युलेटेड (५० ते ५८): नाणं बाजारात थोडंच फिरलंय. मूळ चमक बरीच शिल्लक, फक्त उंचवट्यांवर ती तुटलेली.

मिंट स्टेट (६० ते ७०): झीज शून्य. नाणं वापरलंच गेलेलं नाही.

आपल्याकडच्या प्रदर्शनांत आणि लिलावांच्या यादीत हेच शब्द व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी अशा लघुरूपात भेटतात. ब्रिटिश पद्धतीत आकडे न लावता फाइन, व्हेरी फाइन असे शब्दच वापरायची रीत आहे. म्हणून दोन विक्रेत्यांचं ‘व्हेरी फाइन’ एकसारखं असेलच असं धरून चालू नका. यादीतला शब्द वाचा, पण पैसे देताना नाणं बघून द्या.

आणि ‘प्रूफ’? ती ग्रेड नव्हे. तो नाणं बनवण्याचा प्रकार आहे. खास पॉलिश केलेला ठसा आणि खास तयार केलेली चकती वापरून, एकापेक्षा जास्त वेळा दाब देऊन ही नाणी संग्राहकांसाठीच बनवतात. मुंबईची सरकारी टांकसाळ असे संच विकते. प्रूफ नाणं खिशात टाकून फिरलात तर तेही झिजणार आणि त्याचेही मार्क कमी होणार.

५८ देखणं, ६० ओरखडलेलं

झीज नाही म्हणजे नाणं सुंदरच असेल, असं नाही. टांकसाळीत नाणी एकमेकांवर पडतात, पोत्यात भरली जातात, हलवली जातात. त्यात एकाची कड दुसऱ्याच्या गालावर लागते. बाजार न पाहिलेल्या नाण्यावरही असे व्रण असतात. ते जास्त असतील तर एमएस ६०, अगदी कमी असतील तर एमएस ६६-६७. भिंगाखालीही खोट सापडली नाही तर ७०. त्यामुळे थोडंसं वापरलेलं ५८ मार्कांचं नाणं कधीकधी ६० वाल्यापेक्षा कितीतरी देखणं दिसतं. टॉपरपेक्षा बॅकबेंचरच जास्त इंटरेस्टिंग निघावा, तसं.

हा निकाल लावणार कोण? १९८६ पासून अमेरिकेत पीसीजीएस आणि पुढच्याच वर्षीपासून एनजीसी या कंपन्या हे काम करू लागल्या. एकाहून जास्त तज्ज्ञ नाणं स्वतंत्रपणे बघतात, मग अंतिम ग्रेड ठरते आणि नाणं पारदर्शक कडक प्लॅस्टिकमध्ये बंद होतं. त्याला ‘स्लॅब’ म्हणतात. तरीही शेवटी हे माणसाच्या डोळ्याचं मत आहे. ६४ आणि ६५ मधला फरक डोळ्याला जेमतेम दिसतो, पण किमतीत तो मोठा असू शकतो. मग काही जण स्लॅब फोडून नाणं पुन्हा पाठवतात, एखादा मार्क वाढतोय का बघायला. आपलं रीव्हॅल्युएशनच हे!

चकचकीत म्हणजे चमकदार नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचा धडा. घरातलं काळं पडलेलं चांदीचं नाणं दिसलं की आपला हात टूथपेस्टकडे जातो. चिंच, रांगोळी, खायचा सोडा, लिंबू… प्रत्येक घराचा आपला फॉर्म्युला. दहा मिनिटांत रुपया लखलखतो आणि सगळे खूश.

संग्राहक मात्र कपाळावर हात मारतो. का, ते समजून घेऊ. टांकसाळीत ठशाचा प्रचंड दाब पडतो, तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि नाण्याच्या पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म रेषा तयार होतात. नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूच फिरवलं की या रेषांमुळे उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. ही खरी चमक. घासताना नेमक्या याच रेषा जातात. त्यांच्या जागी एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे येतात. नाणं चकचकीत दिसतं, पण दिव्याखाली फिरवलं तर उजेड फिरत नाही, सगळीकडून सारखाच चमकतो. अनुभवी डोळा हे लगेच पकडतो. अशा नाण्याला ग्रेडिंग कंपन्या साधे मार्क देत नाहीत. तपशील कसे आहेत ते लिहितात आणि पुढे शेरा मारतात, ‘क्लीन्ड’. परीक्षेत कॉपी सापडल्यावर निकाल राखून ठेवतात ना, साधारण तसंच.

आणि तो काळेपणा? हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची प्रक्रिया होऊन तो थर येतो. त्याला टोनिंग म्हणतात. वर्षानुवर्षं सावकाश आलेलं टोनिंग कधी राखाडी, कधी निळसर-सोनेरी असतं आणि अनेक संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. अर्थात जिथे पैसे आले तिथे हुशारी आली. रसायनं आणि उष्णता वापरून खोटं टोनिंग करणारेही आहेत.

घासण्यासारखंच दुसरं नुकसान आपल्याकडे घरोघरी दिसतं. पूर्वी रुपयाला कडी डाखून तो गळ्यात घालत. कडी काढली तरी डाखाची खूण राहते. दागिना म्हणून ते नाणं कितीही सुंदर असो, ग्रेडिंगच्या टेबलावर तो खोट असलेला रुपया.

शिवराईचा पेपर वेगळा

हे सगळं यंत्रावर पाडलेल्या नाण्यांचं झालं. महाराष्ट्रातल्या संग्राहकाच्या हातात हमखास येणारं नाणं म्हणजे शिवराई. तांब्याचं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हे नाणं हाताने, हातोड्याच्या घावाने पाडलेलं. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर नाण्यावर मावायचाच नाही. एखाद्या शिवराईवर ‘राजा’ पूर्ण आणि ‘शिव’ अर्धं दिसलं तर ते झिजल्यामुळे असेल किंवा मुळात उमटलंच नसेल.

म्हणून इथे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. ठसा किती आणि कसा उमटलाय? आणि उमटलेलं किती झिजलंय? अक्षराची कड धारदार असेल पण अक्षर मध्येच चकतीच्या कडेला संपत असेल, तर ती झीज नाही. अक्षर पूर्ण आहे पण सपाट आणि बोथट झालंय, तर ती झीज. यंत्राच्या नाण्याची पट्टी जशीच्या तशी शिवराईला लावणं म्हणजे हस्ताक्षराच्या वहीला प्रिंटरचे नियम लावणं.

आणखी एक. शिवराई बाजारात भरपूर मिळतात आणि त्या शिवरायांच्या नंतरही दीर्घकाळ पाडल्या जात होत्या. त्यामुळे ‘महाराजांच्या काळातली, ओरिजिनल’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर पैसे देण्याआधी जाणकाराला दाखवा.

‘पाचाचं नाणं, पाच लाख भाव’

वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं किंवा दहाचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील, अशी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. ग्रेडिंगची भाषा कळली की या रीलमधला झोल लगेच दिसतो. नाणं कोणत्या अवस्थेत आहे, याबद्दल तिथे एक शब्द नसतो. मोठ्या संख्येने निघालेल्या आणि खिशाखिशांतून फिरून झिजलेल्या नाण्याला कुणी लाख रुपये का देईल?

पुढचा सापळा आणखी वाईट. ‘तुमचं नाणं घेतो, आधी कमिशन भरा, टॅक्स भरा.’ रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक स्वतः पडत नाही, कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तिच्या नावाने तसं मागायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले जात असतील, तर फोन ठेवून द्या.

कायद्याच्या दोन गोष्टीही माहीत हव्यात. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशी शिकायला जाताना आजीचा रुपया आठवण म्हणून बॅगेत टाकायचा विचार असेल तर आधी हे लक्षात घ्या. आणि शेतात, बांधकामात जमिनीतून नाण्यांचा हंडा निघाला तर १८७८ च्या कायद्यानुसार ते सरकारला कळवावं लागतं.

डोळा तयार कसा करायचा?

खर्च न करता सुरुवात करा. घरात जुन्या चार आण्यांची डबी असेलच. पंचवीस पैसे जून २०११ अखेर चलनातून गेले, त्यामुळे ते कुठेतरी पडून असतात. एकाच प्रकारची दहा नाणी निवडा, टेबलावर मऊ कापड अंथरा आणि सगळ्यात चांगल्यापासून सगळ्यात झिजलेल्यापर्यंत ओळीत मांडा. मग मित्राला तीच नाणी मिसळून द्या आणि त्याची ओळ बघा. कुठे मतभेद होतात तिथे वाद घाला. ग्रेडिंग याच वादातून शिकता येतं.

नाणं नेहमी कडेने धरा. बोटाचा घाम धातूवर कायमचा ठसा सोडू शकतो. पाच ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एकाच दिशेने प्रकाश देणारा टेबल लॅम्प पुरेसा आहे. ट्यूबलाइटच्या सगळीकडे पसरलेल्या उजेडात ओरखडे लपतात.

ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका. कालांतराने त्यातून नाण्यावर चिकट हिरवट थर येतो. पीव्हीसी नसलेली, नाण्यांसाठीची पाकिटं मिळतात, ती घ्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

चांगली नाणी बघितल्याशिवाय वाईट ओळखता येत नाहीत. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ही सुरुवातीची ठिकाणं. (जायच्या आधी वेळ तपासा.) नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणकशास्त्रावर संशोधन करणारी आख्खी संस्थाच आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या नाणी प्रदर्शनात फक्त बघायला जा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काही विकत घ्यायचं नाही, असं ठरवूनच जा. शेजारी शेजारी ठेवलेली एकाच सालाची दोन नाणी बघा आणि किमतीतला फरक कशामुळे असेल ते स्वतः ओळखा. मग विक्रेत्याला विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात, कारण कंडिशनबद्दल विचारणारं तरुण गिऱ्हाईक त्यांना रोज भेटत नाही.

आता उरला देवघरातला रुपया. दर लक्ष्मीपूजनाला धुतला जातो, हळद-कुंकू लागतं, पुन्हा कापडात गुंडाळून ठेवला जातो. त्याला ७० पैकी ४ सुद्धा मिळणार नाहीत कदाचित. त्याला भिंगाखाली ठेवायची गरजही नाही. तो पणजीच्या हातून आजीकडे आणि आजीकडून आईकडे आलाय, ते कुठल्याही मार्कशीटवर येत नाही. पण त्याच पिशवीत बाजूला पाच-सहा काळवंडलेले रुपये पडले असतील, तर या दिवाळीत पूजेला एकच रुपया काढा. बाकीच्यांना टूथपेस्ट लावायच्या आधी दिव्याखाली तिरके धरून एकदा फिरवून बघा, उजेड फिरतोय का ते.